खोडरबर लांब ठेवा

सत्तावीस वर्षं मी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं वाचली. चूक दिसली की रेघ मारायची, समासात खूण करायची, पुढं जायचं. काना निसटलाय, ‘स’च्या जागी ‘म’ लागलाय, ओळ दोनदा आलीय. डोळा आपोआप अडायचा. या सवयीवर माझा संसार चालला आणि याच सवयीपायी थीमच्या क्रिप्टिक शब्दकोड्यांत, म्हणजे क्लू फसवे आणि अख्ख्या जाळीमागं एक लपलेला विषय असतो असल्या कोड्यांत, माझी सुरुवातीची दोन वर्षं फुकट गेली.

कारण सांगते. अशा एका इंग्रजी कोड्यात खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या एका घरात आडव्या उत्तरानं ‘ई’ मागितला, उभ्यानं ‘ओ’. दोन्ही उत्तरं पक्की वाटत होती. मी प्रुफवालीच्या इमानानं ठरवलं, यातलं एक चुकलंय. खोडरबर घेतला, उभं उत्तर पुसलं, ओढूनताणून दुसरा शब्द बसवला. मग त्याच्या शेजारचं अडलं, तेही पुसलं. रात्री साडेअकराला कागदाला भोक पडलं. पुढं उत्तर छापून आलं तेव्हा कळलं, जाळीत अशी आठ घरं होती जिथं दोन अक्षरं मुद्दाम भांडत ठेवली होती आणि त्या आठ भांडणांतूनच थीमचं नाव निघत होतं. त्यातली पाच मी प्रामाणिकपणे मिटवली होती.

आधी साधं क्रिप्टिक

‘द हिंदू’चं रोजचं कोडं ज्यांचं चहा संपेपर्यंत निम्मं होतं, त्यांनी हा भाग ओलांडून पुढं जावं. बाकीच्यांसाठी क्लूची ओळख मराठीतच करून देते. डोंबिवली–दादर लोकलमध्ये खिडकी मिळाली नाही की मी मनातल्या मनात असले क्लू जुळवायची. मराठीत एका घरात एक अख्खं अक्षर जातं, काना-मात्रेसकट. कंसातला आकडा म्हणजे उत्तरात अक्षरं किती.

‘आजी वनात हरवलेला प्राण’ (२). आजीला शोधू नका, अक्षरं बघा. ‘आजी वनात’च्या मध्ये ‘जीव’ बसलाय. प्राण म्हणजे जीव.

‘नदी उलटली, बिचारी’ (२). नदी उलटी वाचा, दीन.

‘वेडंवाकडं सरकत केलेला व्यायाम’ (४). ‘सरकत’ची अक्षरं विस्कटा, कसरत.

‘जगाच्या आरंभी पुरुषाच्या आत असते ती दृष्टी’ (३). जगाचा आरंभ म्हणजे ‘ज’, तो ‘नर’च्या पोटात घाला. नजर.

‘बाजारात चढतो, मनात दाटतो’ (२). भाव. यात कारागिरी नाही, एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवलेत.

म्हणजे क्लूच्या एका टोकाला सरळ अर्थ आणि उरलेल्या भागात शब्द घडवायची कृती. मधलं चित्र, ती वनात गेलेली आजी, निव्वळ झूल. अॅफ्रिट नावाचा एक जुना इंग्रज कोडेकार म्हणायचा की मी बोलतो तोच माझा अर्थ असला पाहिजे असं नाही, पण माझा जो अर्थ आहे तो मला बोललाच पाहिजे. सोडवणाऱ्याला एवढा शब्द पुरतो. तो फसवेल, पण खोटं बोलणार नाही.

थीमची कोडी कुठं भेटतात

यांचं माहेर इंग्लंड. टोर्केमाडा या टोपणनावानं एडवर्ड पॉइस मॅथर्स १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी द्यायचा. १९३९ मध्ये त्याची गादी झिमेनीजकडं आली, १९७२ मध्ये ॲझेडकडं. टोर्केमाडा आणि झिमेनीज हे स्पेनच्या धर्मन्यायालयातले छळवादी. ॲझेड म्हणजे त्यांच्यातल्याच डेझाचं नाव उलटं केलेलं. नावं ठेवतानाच मंडळींनी आपला हेतू सांगून टाकलाय.

सगळ्यांत मानाचं आणि सगळ्यांत हट्टी कोडं ‘लिसनर’चं. ‘द लिसनर’ हे बीबीसीचं साप्ताहिक. त्यात ते १९३० साली सुरू झालं. साप्ताहिक १९९१ मध्ये बंद पडलं, कोडं लंडनच्या ‘टाइम्स’नं दत्तक घेतलं आणि ते शनिवारी येऊ लागलं. वर्षातून चारदा ते शब्दांऐवजी आकड्यांचं असतं; त्या चार शनिवारी मी लोणचं घालते किंवा माळा आवरते. ‘संडे टेलिग्राफ’मधलं ‘एनिग्मॅटिक व्हेरिएशन्स’ आणि ‘आय’ दैनिकातलं ‘इन्क्विझिटर’ ही त्याचीच भावंडं, थोडी मवाळ. नवशिक्यानं तिथून सुरुवात करावी. मी थेट ‘लिसनर’वर गेले, कारण माझा भाचा इंग्लंडात रेडिंगला राहतो, तो ‘टाइम्स’ घेतो आणि शनिवारी संध्याकाळी फोन लावून म्हणतो, “मावशी, बस घेऊन कागद.”

या कोड्यांत काळी घरं नसतात. घरांमधल्या जाड रेघांनी शब्द तुटतात. त्यामुळं बहुतेक अक्षरांना आडवा आणि उभा असे दोन साक्षीदार मिळतात, आणि त्याच भरवशावर कोडेकार कुठले कुठले जुनेपुराणे शब्द वापरतो. कोश एकच, ‘चेंबर्स’. त्याच्याशिवाय बसूच नका. स्कॉटिश शब्द, जुना कवी स्पेन्सर यानं वापरलेली चमत्कारिक स्पेलिंगं, शेक्सपियरची एकदाच आलेली रूपं, सगळं त्यात आहे. क्लूमध्ये ‘एडिंबरातला’ किंवा ‘स्पेन्सरचा’ असा शब्द दिसला की शब्द त्या खणातला आहे हे ओळखायचं.

आपल्याला इथं एक फायदा आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. ‘चेंबर्स’मध्ये आपले शब्द खच्चून भरलेत: डाक, घाट, रयत, लोटा, धोबी, दर्जी, टांगा, पेशवा. ‘भारतातला शिंपी’ म्हटल्यावर रेडिंगमधला शेजारी कोश चाळत बसतो आणि आपण पोहे ढवळता ढवळता ‘दर्जी’ म्हणून मोकळे होतो. फक्त इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग ‘डी’नंतर ‘यू’ घालून केलंय, तेवढं सांभाळा. रयतेचं तर ‘आर-वाय-ओ-टी’ करून टाकलंय.

नांदी

थीमच्या कोड्याच्या डोक्यावर एक परिच्छेद असतो. मी त्याला नांदी म्हणते. तो रुक्ष, वकिली भाषेत लिहिलेला असतो आणि पहिल्या वाचनात त्यातलं अवाक्षर कळत नाही. कळायला नकोच. नवशिके नांदीवरच तासभर डोकं आपटतात आणि कोडं मिटून ठेवतात. मी ती तीनदाच वाचते आणि तीनच गोष्टी पेन्सिलीनं अधोरेखित करते.

पहिली, बिघाड, म्हणजे कोडेकारानं मुद्दाम पेरलेली गडबड, कुठं आहे. क्लूच्या अर्थात की कृतीत की जाळीत भरताना? दुसरी, तो किती क्लूंमध्ये आहे: सगळ्या, काही, की ‘दहा’ असा नेमका आकडा. तिसरी, कंसातले आकडे उत्तराची लांबी सांगतात की जाळीतल्या घरांची. या तिसऱ्यावर मी इतक्या वेळा पडलेय की आता तिथं लाल पेन वापरते. शेवटचं वाक्य, ‘सोडवणाऱ्यानं अमुक रंगवावं’ वगैरे, पहिल्या दिवशी वाचायचं आणि विसरायचं.

बिघाडाची जागा कळली की विश्वास कुणावर ठेवायचा ते ठरतं, आणि हे मला कुणी सांगितलं असतं तर माझे कित्येक महिने वाचले असते. क्लूच्या अर्थात छपाईची चूक पेरली असेल तर अर्थाकडं बघू नका, कृतीवरून उत्तर काढा. कृतीत एक अक्षर जास्तीचं घातलं असेल तर उलट, अर्थावरून शब्द धरा आणि कृतीतून कुठलं अक्षर उरतंय ते बघा. जाळीत भरताना गडबड असेल तर क्लू दोन्हीकडून चोख आहे, तो बिनधास्त सोडवा, फक्त जाळीत शाईनं लिहू नका.

घरचं उदाहरण

दोन वर्षांपूर्वी भाचा दिवाळीला आला होता. चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन तो मला म्हणाला, “मावशी, तू नुसती सोडवतेस. एकदा करून बघ, मग कळेल.” मी केलं. मराठीत, छोटंसं, वहीच्या पाठकोऱ्या पानावर. नांदी अशी: ‘चार क्लूंच्या अर्थात एकेक अक्षर चुकीचं छापलं आहे. बरोबर अक्षरं क्रमानं वाचल्यास एक कवी भेटेल. बाकीची उत्तरं त्याच्या एका करामतीनुसार भरावीत.’ कंसातले आकडे उत्तराच्या लांबीचे.

‘सुंदरचं डोकं उडालं तर तोल काय?’ (२)
‘आजा रडतो तेव्हा आत दडलेला भोग’ (३)
‘ओळख शेवटी तुटली, राहिली संगत’ (२)
‘रस उलटून पडला, झाले मळे’ (२)

अर्थात चूक आहे, म्हणून कृतीकडं बघायचं. सुंदरचं पहिलं अक्षर उडवलं की ‘दर’. दर म्हणजे तोल नव्हे, मोल. चुकलेलं अक्षर ‘तो’, बरोबर ‘मो’. ‘आजा रडतो’मध्ये ‘आजार’ आहे; तो भोग खरा, पण कोशात रोग. ‘रो’. ‘ओळख’चं शेपूट तोडलं की ‘ओळ’, म्हणजे पंगत. ‘पं’. रस उलटा केला की ‘सर’, म्हणजे तळे. ‘त’. मोरोपंत.

हे चार भाच्यानं पाच मिनिटांत काढले. खरं म्हणजे तीनच काढले. ‘मो’, मग मोकळी जागा, मग ‘पं’, ‘त’ एवढं कागदावर आल्यावर त्यानं मोरोपंत म्हटलं आणि मग मागं जाऊन दुसऱ्या क्लूत ‘रो’ शोधला. हे चोरून केल्यासारखं वाटतं, पण असंच करायचं असतं. पेरलेल्या अक्षरांसाठी कागदाच्या कडेला क्लूगणिक एक टिंब काढून ठेवा, मिळेल तसं अक्षर त्यावर लिहा. निम्मी टिंबं भरली की वाक्य बोलायला लागतं. इंग्रजीत असल्या ओळींत कवीचं नाव, पुस्तकाचं नाव किंवा हुकूम असतो: रंगवा, उलटा, कर्ण बघा. पुढचा शब्द ओळखला की न सुटलेल्या क्लूतलं बिघडलेलं अक्षर आधीच हातात येतं, आणि रात्रभर छळणारा क्लू मिनिटभरात मान टाकतो.

मग आला पाचवा क्लू.

‘आधी पंख, मग नमुना, तेव्हा मुभा’ (५)

जाळीत घरं होती चार. भाचा म्हणाला, “मावशे, तुझं एक घर कमी पडलंय.” मी चहा गाळायला उठले. परत आले तर त्यानं ‘परवाना’ लिहिला होता. चार अक्षरं, अर्थ मुभेच्या जवळ, घरं भरलेली. पण पहिल्या घरातून उभा ‘दर’ जात होता आणि तिथं त्याचा ‘र’ हवा होता, ‘प’ नव्हे. मग त्यानं काय केलं असेल? ‘दर’ खोडला. पाच मिनिटांपूर्वी ज्याची कृती आणि अर्थ दोन्ही जुळले होते तो बिचारा दर! रक्ताचं नातं, दुसरं काय.

पर म्हणजे पंख. वानगी म्हणजे नमुना. परवानगी. पाच अक्षरं, चार घरं. आता मोरोपंतांकडं जायचं. बारामतीचे पंत (१७२९–१७९४) रामायण एकदा लिहून थांबले नाहीत. नाना अटी स्वतःवर घालून घेत त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. त्यातलं एक ‘निरोष्ठ रामायण’, ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं. म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. परवानगीतला ‘प’ काढा: रवानगी. चार घरं, पहिलं अक्षर ‘र’, दर जागच्या जागी आणि जाळीत पुन्हा खरा शब्द. (व्याकरणाचे जाणकार म्हणतील की उ-ओ हेही ओठांचेच. खरंय, आणि माझ्या ‘ओळ’मध्ये ओ आहे. मी पवर्गावर थांबले. कोडं माझं होतं.)

सहावा: ‘लोकांच्या मधोमध मी, पायाखालची भुई’ (३). जन आणि त्यात मी, जमीन. घरं दोन. मी काढला की जन उरले. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, जुळून आलं. भाच्यानं मात्र मान हलवून मला एकदम संतपदाला नेलं.

त्यानं कुठं माती खाल्ली ते परत बघा. घर कमी पडलं हीच बातमी होती. त्यानं ती दुरुस्त केली.

भांडण लागलं की काय करायचं

म्हणून माझा नेम: थीमच्या कोड्याच्या दोन प्रती काढायच्या. एक कच्ची, एक पक्की. कच्चीवर खोडायचं नाही. दोन अक्षरं भांडली तर घराला तिरकी रेघ मारून दोन्ही लिहायची, वरच्या कोपऱ्यात आडव्याचं, खालच्या कोपऱ्यात उभ्याचं. शब्द मावत नसेल तर तसाच पूर्ण लिहायचा, शेवटचं अक्षर रेघेबाहेर लोंबू द्यायचं. छापखान्यात आम्ही शंकेच्या जागी समासात प्रश्नचिन्ह काढून लेखकाकडं पाठवायचो, तसंच.

आता प्रश्न येतो की खरी चूक आणि पेरलेली चूक वेगळी कशी ओळखायची, कारण खऱ्या चुकाही आपण भरपूर करतो. मी क्लूला दोन टोकांनी विचारते. अर्थ जुळतो का? कृतीतलं प्रत्येक अक्षर कामाला लागलं का? दोन्हीला हो असेल तर ते उत्तर मी मोडत नाही, जाळी काहीही म्हणो. ‘परवाना’ला पंख होते, ‘वाना’ हा नमुना नव्हता. तिथंच तो पडायला हवा होता. आणि भांडणं एकापेक्षा जास्त झाली की ती कुठं आहेत ते कागद लांब धरून बघते. कर्णावर एका रेषेत आली, प्रत्येक ओळीत एकेक आली, मधल्या चौकोनाभोवती गोळा झाली, तर ती माझी नव्हेत. माझ्या चुका इतक्या शिस्तीत नसतात.

अवघड जातींपैकी दोन

बिघाडाचे प्रकार शेकडो आहेत, सगळे सांगत नाही. माझ्या आवडीचे दोन.

‘प्रिंटर्स डेव्हिलरी’, म्हणजे छापखान्यातला खोडसाळपणा, हा अॅफ्रिटचाच शोध आणि माझ्यासारखीला तर जिवाभावाचा. क्लू म्हणून एक वाक्य देतात, त्यातून उत्तराची अक्षरं सलग गाळलेली आणि फट नीट बुजवलेली. ना अर्थ, ना कृती. उदाहरणार्थ: ‘हात पसरावे लागले, तरी तो कधी न झाला’ (२). वाक्य कुठंतरी लंगडतंय. ‘न’च्या आसपास काय घातलं तर ते उभं राहील? ‘कधी न दीन झाला’. गाळलेली अक्षरं ‘न’ आणि ‘दी’. नदी. असल्या क्लूत मी वाक्य मोठ्यानं वाचते आणि जीभ जिथं अडखळते तिथं उभी रेघ मारते. गाळलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे शब्द बहुतेक वेळा तुकडे असतात, अख्खे शब्द नसतात; म्हणून त्या शब्दांवर विश्वास ठेवायचा नाही, दूरच्या शब्दांवर ठेवायचा. ते मूळ वाक्याचा विषय सांगतात.

दुसरं ‘प्लेफेअर’. ही खरीखुरी गुप्तलिपी. १८५४ मध्ये चार्ल्स व्हीटस्टननं शोधली, पण त्याचे मित्र लॉर्ड प्लेफेअर यांनी तिचा एवढा प्रचार केला की नाव त्यांचंच लागलं. पाच बाय पाचचा चौकोन आखायचा. एक गुप्त शब्द, ज्यात अक्षर दोनदा येत नाही, तो आधी भरायचा आणि मग उरलेली इंग्रजी अक्षरं क्रमानं. पंचवीसच घरं म्हणून ‘आय’ आणि ‘जे’ एकाच घरात. मग मूळ शब्दाच्या दोन-दोन अक्षरांच्या जोड्या पाडायच्या. जोडी एकाच ओळीत असेल तर प्रत्येकाच्या उजवीकडचं अक्षर घ्यायचं, एकाच रकान्यात असेल तर खालचं, नाहीतर दोघांचा आयत करून प्रत्येकानं आपल्याच ओळीत राहून समोरच्या कोपऱ्यात जायचं. ओळ किंवा रकाना संपला तर फिरून सुरुवातीला.

कोड्यात चार-पाच उत्तरं अशी गुंडाळून भरायची असतात आणि गुप्त शब्द आपण शोधायचा असतो. आधी बाकीची जाळी भरा म्हणजे गुंडाळलेली अक्षरं उभ्या-आडव्या साक्षीनं मिळतात. मग मूळ जोडी आणि तिची गुंडाळलेली जोडी शेजारी लिहा. तीन गोष्टी मदतीला येतात. कुठलंच अक्षर स्वतःमध्ये बदलत नाही, म्हणजे तसं दिसलं तर तुमचं उत्तर चूक. जोडी उलटी केली तर गुंडाळलेलीही उलटी होते. आणि मूळ जोडीतलं एक अक्षर गुंडाळलेल्या जोडीतही सापडलं, तर ती जोडी आयताची नाही. एका ओळीतली किंवा एका रकान्यातली आहे. अशा एका जोडीवरून चौकोनाचा कणा उभा राहतो. शिवाय चौकोनाच्या खालच्या ओळी बहुधा क्रमानं येतात, ‘व्ही’पासून ‘झेड’पर्यंत, सुरुवात मी तिथूनच करते. पाळणाघरातल्या नातीचे लाकडी ठोकळे यासाठी उत्तम, कागदावर सतत पुसायला लागत नाही. ठोकळे नातीनं परत मागितले की कोडं उद्यावर.

थीम ओळखताना

कोड्याचं शीर्षक हाही एक क्लू असतो, तो शेवटी सुटतो. इंग्रजी कोडेकारांना वर्षगाठी फार आवडतात, म्हणून तारीख बघा. शंभर किंवा दोनशे वर्षांपूर्वी त्या आठवड्यात कोण जन्मलं, कुठलं जहाज बुडालं. अवतरणांवर थीम असेल तर ऑक्सफर्डचा अवतरणकोश लागतो. आपल्याला क्रिकेट येतं, शेक्सपियर थोडाफार येतो, इंग्रजी बालगीतं येत नाहीत. ती पाठच करावी लागली. साठाव्या वर्षी मी हम्प्टी डम्प्टी घोकत होते आणि सून दारातून बघत होती.

थीम नेहमी खेळकर असतेच असं नाही. ‘गार्डियन’चा कोडेकार अरॉकेरिया, खरं नाव जॉन ग्रॅहम, पेशानं पाद्री, त्यानं जानेवारी २०१३ मध्ये एका कोड्यात आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचं वाचकांना सांगितलं. उत्तरं भरत गेलं की आजार, उपचार, सगळं एकेका शब्दानं उघड होत जात होतं. त्याच वर्षी तो गेला, ब्याण्णवाव्या वर्षी. ते कोडं मी बऱ्याच उशिरा सोडवलं. सगळं माहीत असूनही ‘कॅन्सर’ लिहिताना हात थांबला.

शेवटचं वाक्य

जाळी भरली, थीम कळली, आता नांदीचं शेवटचं वाक्य काढा. इथं बहुतेकांचा घात होतो. ‘सहा घरांत बदल करावा, सर्व शब्द खरे राहतील’ असं असेल तर बदल केल्यावर उभे-आडवे दोन्ही नवे शब्द कोशात एकेक करून बघा, डोळ्यांना ‘वाटतात’ म्हणून सोडू नका. ‘पंधरा घरं रंगवावीत’ म्हटलं असेल आणि तुमची चौदा होत असतील तर तुमचं उत्तर चौदा-पंधरांश बरोबर नाही, चूक आहे. गेल्या पावसाळ्यात मी थीमच्या नावाची अकरा घरं रंगवली, भाच्यानं उत्तराचं पाकीट टपालात टाकलं, आणि मग भांडी घासताना लक्षात आलं की नांदीत बारा म्हटलं होतं. बारावं घर शेजारीच, एका तिरक्या रेघेखाली. दोन अक्षरांचं भांडण मी टिपून ठेवलं होतं आणि शेवटी त्यातलं निवडायचं विसरले होते.

माझ्या त्या दिवाळीच्या कोड्याचा सातवा क्लू भाच्यानं विमानात बसेपर्यंत सोडवला नव्हता. याच्या अर्थात चूक नाही, करामत मोरोपंतांची, आणि घरं दोनच आहेत.

‘सारखी ईश्वराच्या मुखासमोर तेवणारी’ (३)